सोळावं नाव

"पंधरा झाली," अमरेशअण्णा म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सोळावं बोला."

शाळेच्या ऑफिसात रंगकाम चालू होतं, म्हणून बैठक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत भरली होती. त्यामुळे सोलापूर जिल्ह्याचा मुलींचा बेसबॉल संघ यंदा कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या सांगाड्यासमोर निवडला जात होता. अमरेशअण्णा संघटनेचे सचिव. एरवी त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शाकीर सर प्रशिक्षक. आणि तिसऱ्या मीनाबाई शिवशरण. त्या याच प्रयोगशाळेच्या परिचर, आणि गेली एकोणीस वर्षं संघाच्या व्यवस्थापक.

मुलींचा संघ बाईमाणसाशिवाय परगावी न्यायचा नाही, असा नियम होता. एकोणीस वर्षांपूर्वी आयत्या वेळी कुणाला तरी तो नियम आठवला, तेव्हा समोर मीनाबाई परीक्षानळ्या विसळत होत्या. एवढ्यावर त्यांची नेमणूक झाली. तेव्हापासून त्यांनी निम्मा महाराष्ट्र पाहिला होता, म्हणजे गावोगावची मैदानं, आणि मैदानापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता. निवडीच्या बैठकीत त्यांचं मत कुणी विचारत नसे आणि त्याही देत नसत.

आज तर बोलायची सोयच नव्हती. सोळाव्या जागेसाठी दोन मुलींवरून वाद होता, आणि त्यातली एक मीनाबाईंची पोटची पोर होती. प्रतिक्षा.

शाकीर सरांना दुसरी कॅचर हवी होती. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून येईल तो बॉल अंगावर घेणारी. संघात कॅचर एकटी साक्षी, तिच्यामागे कुणी नाही. अमरेशअण्णांना हवी होती चौथी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. स्पर्धेत चार दिवसांत पाच सामने, मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात पिचरचा खांदाच वर होईना, हे सगळ्यांनी पाहिलेलं. तसं त्यांचं काही चुकत नव्हतं. शाकीर सरांचं म्हणणं, यादीतली आयत नावाची पोरगी फील्डमधून येऊन दोन डाव टाकू शकते, तीच चौथी पिचर. पण कॅचर अशी कुठून उसनी आणता येत नाही. दोघांनी टेबलावर बीकर मांडून सामने खेळून दाखवले. एक बीकर फुटता फुटता राहिला.

शेवटी अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. दुसरी कॅचर न्हाय घ्यायची."

मीनाबाईंना कुणीतरी डोक्यावरची भरली घागर उतरवून घ्यावी तसं झालं. पोरगी घरी राहणार. तिचे दात शाबूत, बोटं शाबूत. पाठोपाठ त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण गेलं वर्षभर पोरीला कॅचर बनवायला त्याच तर राबत होत्या. रोज संध्याकाळी गल्लीत पोरगी मास्क चढवून भिंतीला पाठ लावून बसायची, आणि मीनाबाई पदर खोचून तिच्यावर बॉल मारायच्या. सगळी शिकवण एकाच गोष्टीची, बॉल आला तरी डोळा मिटायचा नाही. दोन महिन्यांत पोरगी शिकली. मीनाबाई मात्र शिकल्या नाहीत. बॉल हातातून सुटला की त्यांचे डोळे मिटत, आणि आवाज ऐकल्यावर उघडत. ग्लोव्हच्या खोलात बॉल बसला की 'थप्प' व्हायचं. कडेला लागला तर 'टक्'. अंगाला लागला की व्हायचा तो आवाज त्यांना वर्णन करून सांगायचा नव्हता.

"आन् साक्षीच्या बोटाला लागलं तर?" शाकीर सरांनी विचारलं. "मागं कुनाला बसवनार?"

"शॉर्टस्टॉपला उभी ऱ्हाती तिला बसवू की. त्यात काय."

मीनाबाईंनी मान वर केली.

चार वर्षांपूर्वी धुळ्याला असंच झालं होतं. कॅचरचं बोट सुजलं, म्हणून करमाळ्याच्या एका चपळ पोरीला मास्क चढवून बसवलं. तिसऱ्याच बॉलला तिनं डोळे मिटले. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात तिचा हात मीनाबाईंनी धरला होता, आणि तिच्या आईला फोनही त्यांनीच केला होता. आई रडली नाही, भांडली नाही. 'तिला आदी कधी बसिवलं हुतं का, बाई?' एवढंच तिनं विचारलं. मीनाबाईंना 'न्हाय' म्हणावं लागलं होतं.

शाकीर सर हट्टाला पेटले होते. सोळा जणींत कॅचर एकच, हे कुठल्याही शहाण्या संघात चालत नाही, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. तेव्हा अण्णांनी कागद बाजूला सरकवला.

"सर, मला काय कॅचर कळत न्हाय व्हय? पन मागल्या साली बार्शीवाल्यांनी तक्रारीचा अर्ज दिलाय. म्यानेजरची पोरगी राखीव, म्यानेजर बाकावर, असं. आता मी काय उत्तर देऊ?" मग मीनाबाईंकडे न बघता ते म्हणाले, "बाई, तुमी राग मानू नका. एका घरातलं एकच न्यायचं, असं ठरवलंय मी."

खिडकीबाहेर मैदानावर मुली सराव करत होत्या. टक्. टक्. प्रतिक्षा आज सरावाला नव्हती, नुसत्या आवाजावरून कळत होतं.

मीनाबाईंना नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की पोरगी घरी राहणार होती, बाक त्यांचा त्यांनाच राहणार होता, आणि एकोणीस वर्षांत कुणी त्यांना आपलं माणूस पुढं सारताना पाहिलं नव्हतं, तेही तसंच राहणार होतं. फक्त कुणाच्या तरी आईला परत फोन करायची वेळ येऊ शकत होती.

"एका घरातलं एकच ना, अण्णा?" त्या म्हणाल्या. "मग माजं नाव खोडा."

अण्णांना आधी समजलंच नाही. मग ते हसले, मग गंभीर झाले. बाईमाणूस आता कुठून आणायचं, त्यांनी विचारलं.

"ग्रंथालयात कमरबी हाय की."

"तिला बेसबॉल कुटं कळतंय?"

"मला तरी कुटं कळत हुतं."

अण्णांनी टोपण काढलं, टेबलावरची पट्टी घेतली आणि यादीच्या अगदी तळाशी, 'व्यवस्थापक' या शब्दापुढचं नाव एका सरळ रेघेत खोडलं. मग वर जाऊन सोळा आकड्यापुढे प्रतिक्षाचं लिहिलं. मीनाबाईंना वाटलं होतं, आत काहीतरी तुटेल. पण हलकं वाटलं, आणि चहाची आठवण झाली. त्यांनी तिघांसाठी चहा टाकला.

प्रतिक्षा मात्र चिडली. संध्याकाळी गल्लीत मास्क हातात घेऊन उभी राहिली, घालेचना. तू नसलीस तर मी जायची नाही, म्हणाली. लहानपणापासून ती आईसोबत त्या बाकावर वाढली होती.

"तू न्हायस तर मी बघू कुनाकडं?"

"बॉलकडं बगायचं. माज्याकडं बगितलंस तर तुजाबी डोळा मिटंल." मीनाबाईंनी बॉल उचलला. "बस खाली."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कमरबीच्या हातात पिशवी दिली. सेफ्टी पिना, पॅड, कापूस, आवळासुपारी, जास्तीचे मोजे, आणि वहीचं एक पान. कोण गाडीत ओकते, कुणाचे पाय वळतात, घरचा फोन आला की कोण रडतं, सगळ्या पोरींबद्दल एकेक ओळ. आपल्या पोरीबद्दल त्यांनी आधी काही लिहिलं नव्हतं. मग सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'प्रतिक्षा, भूक लागली तरी सांगत नाही.'

कमरबीनं पिशवी छातीशी धरली. "मीनाबाई, मेरेकू कुच समजता नै. ताली कब बजाना, उत्ता तो बोलो."

"पोरी ओरडल्या की वाजवायची."

"आन् हारे तो?"

"तरीबी वाजवायची."

स्टेशनावर मीनाबाई गेल्या नाहीत. गाडीत चढायची सवय होती, फलाटावरून हात हलवायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी आठवीच्या प्रात्यक्षिकानंतर त्या परीक्षानळ्या विसळत होत्या. बाहेर मैदान रिकामं होतं. फोन वाजला, आणि नाव बघून त्यांनी आधी नळ बंद केला.

"घबरानेका नै," कमरबी म्हणाली, ते ऐकून मीनाबाई घाबरल्या. साक्षीचा अंगठा सुजला होता. बर्फ लावला होता, पोरगी ठीक होती, केळं खात होती. आता अपनी प्रतिक्षा बैठी है मास्क लगाके. कमरबीनं सगळं एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, स्कोर बताऊं क्या?

"स्कोर ऱ्हाऊ दे. फोन मैदानाकडं धर."

"क्या?"

"हात लांब कर आन् फोन तिकडं धर, कमरबी. आन् बोलू नको."

आधी नुसता वारा ऐकू आला. मग कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग सगळं थांबलं. पिचरनं हात मागे नेला असणार, हे मीनाबाईंना न बघता कळलं. त्यांनी डोळे मिटले.

थप्प.

त्यांनी डोळे उघडले. समोर सांगाडा होता, आणि खिडकीतून येणारं ऊन.

पुन्हा वारा. पुन्हा शांतता. थप्प.

मग टाळी ऐकू आली, एकटीचीच, भलत्याच वेळी. मीनाबाई हसल्या. फोन चालू ठेवून त्यांनी तो टेबलावर बीकरला टेकवून उभा केला, आणि पुढची नळी हातात घेतली. नळ अगदी बारीक सोडला, आवाज होऊ नये इतका.