जुन्या नावाला ओ

साखर कारखान्याच्या बारामतीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दोन दिवस अंथुर्ण्याच्या गट कार्यालयातल्या कॉम्प्युटरला हाका मारत होता, आणि दर हाकेला पडद्यावर एकच ओळ उमटत होती: रिमोट ऑब्जेक्ट सापडला नाही. बारामतीला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या महिपतीनं फोनवरून वायरी हलवायला लावल्या, मशीन चारदा बंद-चालू करायला लावलं. काही बदललंय का, असं तिथल्या कारकुनाला, अविराजला, सतरांदा विचारलं. कायबी बदललं न्हाय, हे अविराज इतक्या ठामपणे सांगायचा की महिपतीला स्वतःच्याच बावीस वर्षांच्या नोकरीचा संशय यायला लागला. शेवटी मोटारसायकलवर बसून, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ खात तो अंथुर्ण्याला आला.

बाकावर निरवांगीच्या द्वारकाबाई सकाळपासून बसलेल्या. तोडणीची टोळी त्यांच्या बांधावर कोयते टेकून बसली होती. बारामतीच्या कॉम्प्युटरवरून इथं तोडणीची चिठ्ठी निघाल्याशिवाय उसाला हात लावायचा नाही, आणि उद्या टोळी वरकुट्याला जाणार. पुन्हा पाळी कधी, ते कोणी सांगत नव्हतं. उसाला तुरे फुटून वजन घटत चाललेलं.

महिपती आत गेला. कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार होता. कपाळाच्या जागी कुंकू.

"हे काय?"

"सोमवारी नामकरण झालं की. हापिसाला अध्यक्षांच्या वडलांचं नाव दिलं. अध्यक्ष म्हनले, कॉम्प्युटरलाबी द्या. मग मीच आत जाऊन घातलं."

"आणि काही बदललं नाही म्हणालास."

"बदल कुठं? कार्यक्रम हुता."

महिपती खुर्चीत बसला. बारामतीचा प्रोग्रॅम जुन्याच नावानं हाक मारत होता, आणि त्या नावाचं आता इथं कोणी राहत नव्हतं. जुनं नाव परत घालायचं, पाच मिनिटांचं काम. पण अविराजनं माऊसवर हात ठेवला. अध्यक्षांच्या वडलांना पुसलं असं कानावर गेलं तर आपली बदली पक्की, असं त्याचं म्हणणं. प्रोग्रॅममधलं नाव बदलायचं तर पुण्याची कंपनी आठ दिवस मागत होती. महिपतीला दोघांशीही भांडायचा कंटाळा आला होता.

दारातून द्वारकाबाई म्हणाल्या, "सायेब, लग्नात माजंबी नाव बदललं. माहेरची मानसं अजून गोदाच म्हनत्यात. मी दोन्हीला ओ देते. ह्येला येवढं जमत न्हाय व्हय?"

महिपतीनं सॅकमधून लॅपटॉप काढला. मग तो उघडून बारामतीच्या मशीनमध्ये शिरला आणि तिथं एकच ओळ लिहिली: जुनं नाव घेतलं तरी याच पत्त्यावर यायचं. मग इथला प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.

मिनिटभरानं प्रिंटर खरखरला. द्वारकाबाईंनी चिठ्ठी घेतली, टोळीला फोनवर कामाला लागा म्हणाल्या आणि घाईनं पायऱ्या उतरल्या. बाकावर त्यांची पिशवी राहिली.

महिपतीनं सवयीनं, एकदा तपासून घ्यावं म्हणून, हाक मारली, "गोदाबाई."

"ओ," म्हणत त्या वळल्या.