मुठी बांधा!

मी पट्टी बोलतेय. शाळेतली, लाकडाची, एका कडेला पोलादाची पातळ पात बसवलेली पट्टी. खरं सांगायचं तर आता पट्टीचा तुकडा. जरा घाईने बोलतेय, कारण या घटकेला मी हवेत आहे. एका मुलीने मला खांद्याच्या वर उगारलंय आणि खाली पाटावर तिच्या धाकट्या बहिणीची मूठ आहे. मी खाली येईपर्यंत जेवढं सांगून होईल तेवढं सांगते.

माझा जन्म करवतीखाली झाला. कुणी मायेने घडवलं, गोंजारलं वगैरे काही नाही. फिरत्या पात्यावर फळी ढकलली की किंकाळी उठायची आणि माझ्यासारख्या चार-सहा जणी बाजूला पडायच्या. मग कडेला खाच पाडून तीत पोलादाची पात ठोकली, रेघ सरळ यावी म्हणून. शेवटी तापलेल्या छापाने शून्यापासून तीसपर्यंतचे आकडे पाठीवर भाजले. त्या डागण्यांचा मात्र मला अभिमान वाटला. आपल्याला आकडे येतात, शाळेत आपला मान मोठा, असे हवेत इमले बांधत मी दुसरीच्या वर्गात आले.

दुसरीच्या बाईंनी आधी माझ्याकडून रेघाच मारून घेतल्या. तेव्हा त्या बऱ्या होत्या. खडूने फळ्यावर फुलं काढायच्या आणि फुलं मोजायला सांगायच्या. मग वरून कुणीतरी मुलांची बेरीज-वजाबाकी तपासायला आलं, आणि जाताना मोठ्या सरांच्या कानात काहीतरी सांगून गेलं. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर बाईंना उभं केलं.

"तुमची पोरं अजून बोटं मोजतात म्हणे. बाई, तुम्हीसुद्धा बोटंच मोजता का हो?"

सगळे खो खो हसले. बाई तडक वर्गात आल्या आणि त्यांनी मला टोकाला धरून उचललं. त्या दिवसापासून माझ्या नशिबी रेघा आल्या नाहीत.

बाईंनी नवीन पद्धत काढली. तोंडी हिशेबाच्या तासाला त्या ओरडायच्या, "मुठी बांधा!" की सगळ्या वर्गाच्या मुठी बाकांवर. प्रश्न यायचा. ज्याचं बोट सवयीने उघडलं त्याच्या पेरावर मी. पट्टी आडवी मारली तर नुसता आवाज होतो. उभी मारली, पोलादाच्या कडेने, तर आवाज कमी होतो आणि सालटं निघतं. हे बाईंना फार लवकर कळलं. मला दोष देऊ नका, मला हात नाहीत. पण हाडाचा आवाज लाकडाला बरोबर कळतो, आणि तो मी रोज ऐकला.

मुलांची जात मोठी चिवट. बोटं बंद झाली तर एक जाडा मुलगा बुटात पायाची बोटं हलवून मोजायला लागला. बाईंनी त्याला बूट काढायला लावले आणि पायांवरही मला नाचवलं. एकजण खिडकीचे गज मोजायचा, त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मानेवर एक दिली. आणि खिडकीजवळच्या बाकावर ही बसायची, जिच्या हातात मी आत्ता आहे. हिने तर दातांवर मोजायला सुरुवात केली होती.

खालचे दात दहा, बोटंही दहा. डावीकडच्या दाढेपासून जीभ निघायची आणि एकेका दाताला शिवत एकेक आकडा पुढे सरकायची. कोणता दात कितवा हे तिने पाठ करून टाकलं होतं. पलीकडचा सुळा म्हणजे आठ. सातात आठ मिळवायचे असले की जीभ सुळ्यापर्यंत गेली पाहिजे, बस्स. ओठ मिटलेले, मुठी बांधलेल्या, उत्तर बरोबर! बाई खूश. ही युक्ती तिने घरी धाकटीलाही शिकवली.

पण दुधाचे दात ते. एक दिवस समोरचा एक पडला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही की आता जीभ एका जागी उडी मारते आणि तिथला आकडा मोजायचा राहतो.

"सात आणि आठ?"

"चौदा."

मी उभी पडले, पेरावर. कातडी फाटली. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तीच मी. वर्गातल्या पोरांनी तोवर तिचं नाव बोळकी पाडलं होतं.

एकदा त्याच प्रश्नाला बाईंना तिचा गाल आतून हलताना दिसला. "पुटपुटतेस काय गं? मला शिव्या देतेस?" आणि यावेळी मी मुठीवर नाही, तोंडावर बसले. शेजारचा दात आधीच हलत होता, तो उडून जमिनीवर पडला. हनुवटीवरून रक्त ओघळून फ्रॉकवर आलं. बोळकी रडली नाही. तिने जिभेने आत चाचपून पाहिलं आणि घाईघाईने उत्तर दिलं, "तेरा."

"कालपर्यंत चौदा तरी म्हणत होतीस!" बाई किंचाळल्या, आणि मला पुन्हा उचललं.

अशात पुन्हा तपासणी ठरली. मोठ्या सरांनी वर्गात येऊन सांगितलं की नापास होतील त्यांची कच्ची तुकडी निघेल. शाळा सुटली की बाकीचे घरी, आणि कच्ची तुकडी वर्गात, दार लावून. आत फक्त बाई आणि मी. नापास शब्दाने बोळकीला काही झालं नाही. "दार लावून" म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तपासनीस आले ते सर्दीने बेजार होऊन. हातात रुमाल, डोळे लाल, कधी एकदा संपतंय असा चेहरा. त्यांनी बाईंना बाहेर जायला सांगितलं. बाई मला टेबलावर ठेवून गेल्या. एकेक मूल पुढे यायचं, तपासनीस बेरजेचं कार्ड दाखवायचे, उत्तर ऐकून खूण करायचे. बोळकी आली आणि आल्या आल्या तिने दोन्ही मुठी बांधून टेबलावर ठेवल्या.

"पाच आणि तीन?"

"आठ."

"नऊ आणि दोन?"

"अकरा."

"सहा आणि आठ?"

"बारा."

फुली. नऊ आणि सात चौदा, फुली. सात आणि आठ तेरा, फुली. तपासनीस शिंकले, नाक पुसलं आणि पुढच्याला हाक मारायला तोंड उघडलं. मग आपल्याच फुल्यांकडे बघत थांबले.

"काय गं, दर वेळी बरोबर दोननेच कशी चुकतेस? चुकणारी पोरं वाटेल तिथे चुकतात." त्यांनी कार्ड पुन्हा पुढे केलं. "कर परत. आणि बोटं वापर की. बोटं काय शोभेला दिलीत?"

बोटं हा शब्द ऐकताच बोळकीने दोन्ही मुठी उचलून त्यांच्यापुढे धरल्या आणि डोळे गच्च मिटले.

तपासनिसांनी त्या मुठी पाहिल्या. पेरांवर खपल्या, एक बोट सुजून काळंनिळं. मग त्यांनी मला उचललं आणि माझी कड उजेडात धरली. तिच्यावर काय वाळलं होतं ते मला माहीत होतं. मला उचलताना टेबलावर खरखर आवाज झाला मात्र, बोळकी डोळे मिटूनच ओरडायला लागली, "चौदा! नाही, सोळा! बारा! सर, नको! वीस!"

त्यांनी मला हळूच टेबलावर आडवी ठेवली, आकडे वर करून.

"डोळे उघड बाळा. या सातावर बोट ठेव. आता आठ घरं पुढे चल."

ते सुजलेलं बोट धड सरळही होत नव्हतं. तसंच माझ्या पाठीवर आलं आणि एकेका रेघेवरून सरकत गेलं. इतक्या दिवसांत माझ्याकडे आपणहून आलेलं ते पहिलं बोट. मला रडू आलं असतं, पण लाकूड मी.

"पंधरा," ती म्हणाली.

"शाबास. आता आधी कसं करत होतीस? मोठ्याने कर, मला बघू दे."

तिने आ केला. जीभ निघाली. "आठ, नऊ, दहा, अकरा," मग समोरच्या खिंडारावरून घसरून पलीकडे, "बारा, तेरा."

"अगं, तुझे दात पडलेत!" तपासनीस हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. सर्दी तर होतीच. त्यांनी तिन्ही फुल्या खोडल्या आणि मोठ्या सरांकडे गेले. बंद दाराआडून मोठ्या सरांचा आवाज सगळ्या शाळेने ऐकला. पण ते तपासनिसांवर ओरडत नव्हते, बाईंवर ओरडत होते.

शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या वर्गात आल्या आणि बोळकीच्या बाकावर बसल्या. त्यांनी डावी मूठ बांधून बाकावर ठेवली. त्यांचा गाल आतून हलताना मला दिसला. मग त्यांनी मला उभी धरली आणि जीव खाऊन स्वतःच्या पेरांवर हाणली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. त्यांनी मला भिरकावलं, खिडकीच्या गजावर आपटून माझे दोन तुकडे झाले, आणि मी शून्यापासून अठरापर्यंतची बाहेर चिखलात पडले. दुसऱ्या दिवशी बाई हाताला फडकं गुंडाळून आल्या. मुठी बांधायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मला बोळकीने उचललं आणि घरी आणलं. माझं भलं झालं असं वाटलं मला. तर आज हिने शाळा-शाळा मांडलीय. ही बाई, धाकटी मूल.

"मुठी बांधा!" अगदी तोच आवाज. "सात आणि आठ?"

धाकटीचा गाल आतून हलला. "चौदा."

आणि मी वर गेले. उभी, पोलादाची कड खाली करून. हे हिला शिकवावं लागलं नाही. अगं पोरी, मला आडवी ठेव. त्या तपासनिसांनी ठेवली होती तशी. तुझं बोट आठव, माझ्या पाठीवर कसं आलं होतं ते आठव. मी बोललेलं तुला ऐकू जात नाही. मी निघाले. खाली आले.

मी पाटावर आदळले, मुठीपासून बोटभर अंतरावर. लाकडाचा ढलपा उडाला. लागलं नव्हतं तरी धाकटीने टाहो फोडला, आणि त्या उघड्या तोंडाकडे बोळकी बघतच राहिली. खाली समोर एक दात नव्हता.

"कधी पडला गं?"

"काल," धाकटी हुंदके देत म्हणाली.

बोळकीने मला पाटावर आडवं टाकलं. धाकटीची मूठ हातात घेतली. मूठ उघडेना, इतकी घट्ट बांधली होती. तिने एकेक बोट धरून सरळ केलं.

"मोज," ती म्हणाली. "बोटांनीच मोज. कोण मारतंय तुला, बघते मी."