दोन अंश आधी

जॅमच्या कारखान्यात नव्या यंत्रणेचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी वही घेऊन आली, तेव्हा कढईवाल्या काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिच्याआधीचे दोघे साहेब नुसतं माहितीपुस्तक चाळून गेले होते. एकशे पाच अंशांवर कढईखालची वाफ बंद, एवढंच त्यात होतं. हिने ते मिटून ठेवलं.

"काका, तुम्ही रजेवर गेलात की काय बिघडतं?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काकांचा आवाजच खाली आला.

"जॅम करपतो. वाफ बंद केली तरी कढई आणखी दोन अंश चढतेच. म्हणून मी एकशे तीनलाच बंद करतो."

"आणि कढई अर्धीच भरली असेल तर?"

"तर शंभरला. थोडा माल भराभर तापतो." पोरगी भलतीच पक्की निघाली, काकांनी मनात म्हटलं. तिने सगळं लिहून त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी नाक मुरडलं तिथे मुकाट्याने खोडलं.

नवी यंत्रणा सुरू झाली त्याच आठवड्यात काकांनी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'काही बिघडतं का, ते बघायचं आहे.'