आठव्या फेरीत थांबलेली मोटार

मित्रांनो, मला ओळखलंत का? नाही ना? तुमचा दोष नाही. मी एक जुनी मोटार आहे, पण आता मला चाकं नाहीत, दिवे नाहीत आणि बसायला गादीही नाही. मढच्या एका वाडीत विहिरीच्या काठी विटांच्या ओट्यावर माझं इंजिन बसवलं आहे. त्याला जोडलेल्या पट्ट्याने मी पंप फिरवते आणि केळीच्या बागेला पाणी पाजते. वाडीतली पोरं मला 'पंप' म्हणतात. ते मला अजिबात खपत नाही. मी मोटार आहे, आणि साधीसुधी नाही, शर्यतीत धावलेली मोटार आहे!

माझा जन्म विलायतेतला, सन एकोणीसशे सव्वीसचा. बाटलीसारखा हिरवा रंग, पुढे दोन पितळी दिवे आणि चण इतकी लहान की चार माणसं बसली की पाचव्याची पिशवीही मावायची नाही. लाकडी खोक्यात बंद होऊन बोटीनं मी मुंबईला आले. अंधेरीच्या एका वकिलांनी मला घेतलं. मी रस्त्यानं निघाले की लोक वळून बघायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. वकील रोज सकाळी माझे दिवे स्वतः पुसत. माझे ते दिवस फार लाडाचे होते.

पुढे महायुद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं आणि वकिलांनी मला गोठ्यात उभी केली. दोन वर्षांनी ते वारले. मग माझ्याकडे कोण बघणार? माझ्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. खोटं कशाला सांगू, आधी मी नाक मुरडलं, पण त्या दहा वर्षांत मला सोबत म्हणून होती ती त्या कोंबड्यांचीच.

मग एक दिवस विद्याधर आला. तो विलेपार्ल्याचा. फोर्टातल्या एका कंपनीत यंत्रांचे नकाशे काढायचा. सडपातळ, चष्मा लावणारा आणि यंत्र दिसलं की तहानभूक विसरणारा. त्याने माझं झाकण उचललं, आत डोकावला आणि म्हणाला, "अरेच्चा, सगळं जागच्या जागी आहे की!" इतक्या वर्षांनी कोणी माझ्याबद्दल बरं बोललं होतं. वकिलांच्या म्हाताऱ्या पत्नीने मला आनंदाने देऊन टाकलं. "फक्त माझ्या कोंबड्या तेवढ्या खाली उतरव रे बाबा," एवढंच त्या म्हणाल्या.

दोर बांधून मला पार्ल्यात आणलं, तेव्हा फाटकात विद्याधरचे थोरले बंधू उभे होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. वडील लवकर गेलेले, त्यामुळे बारा वर्षांनी धाकट्या विद्याधरला भाऊंनीच वाढवलं होतं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बोलणं मोजकं आणि काम चोख. कचेरीत कागद बांधायची जी लाल फीत असते, तिचे टाकाऊ तुकडे ते घरी आणत आणि दिसेल ते तिने बांधत. लोणच्याच्या बरणीचा दादरा लाल फितीनं बांधलेला, मोडकी छत्री लाल फितीनं बांधलेली. वहिनी थट्टेनं म्हणत, "मी जरा गप्प उभी राहिले ना, तर मलाही बांधून ठेवतील."

भाऊंनी मला चारी बाजूंनी न्याहाळलं. "हे काय आणलंस?"

"मोटार आहे, भाऊ."

"होती म्हण," भाऊ म्हणाले आणि घरात गेले. त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला.

घराच्या बाजूच्या छपरीत माझी सोय झाली आणि रविवारचे उद्योग सुरू झाले. विद्याधरच्या मदतीला जयवंत यायचा. तो मालवणकडचा, गिरणीत फिटर, घाटकोपरहून सायकल हाणत यायचा. दोघांनी मला पार उघडून ठेवलं. माझे स्क्रू रॉकेलमध्ये बुडवले, काजळी खरवडली, वहिनींच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांनी मला पुसून काढलं. न मिळणारा भाग जयवंत कानशीनं घासून घासून तयार करायचा. एका कडीसाठी त्याने तीन रविवार घालवले. ती बसली तेव्हा दोघंही लहान मुलांसारखे नाचले. दीड वर्षानं मी पहिल्यांदा खोकले, शिंकले आणि चालू झाले! त्या आवाजानं शेजारच्यांची झोपमोड झाली, पण मला काय त्याचं?

सन चोपन्नच्या थंडीत जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर हौशी मोटारवाल्यांच्या शर्यती ठरल्या. त्यात एक शर्यत पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारींची होती. पिंपांना वळसे घालून दहा फेऱ्या मारायच्या. विद्याधर हरखून गेला. नेमकं त्याच आठवड्यात त्याचं लग्न ठरलं आणि भाऊंनी त्याला माझ्याजवळच उभं करून सांगितलं,

"वैशाखात लग्न. तुम्हां दोघांना वेगळी खोली हवी. ती या छपरीच्या जागी बांधायची. ही मोटार हलवावी लागेल."

विद्याधरच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊ, शर्यत होईपर्यंत तरी..."

भाऊंनी माझ्याकडे एक नजर टाकली. "बरं. दहा फेऱ्या पुऱ्या कर. पहिला नको येऊस, अगदी शेवटचा ये. पण दहा पुऱ्या झाल्या तर हिच्यात जीव आहे असं मी मानेन आणि खोलीचं दुसरं काहीतरी बघेन. नाही झाल्या, तर हिला निरोप द्यायचा. कबूल?"

"कबूल," विद्याधर म्हणाला. मित्रांनो, माझं सारं भवितव्य त्या दहा फेऱ्यांवर येऊन ठेपलं.

मग दोघांनी माझं वजन उतरवायला घेतलं. मागची गादी काढली, टप काढला, चाकांवरचे पत्रे काढले. लाजेनं मी अर्धी झाले. माझा कार्ब्युरेटर, म्हणजे मी जिथून हवा ओढून पेट्रोलमध्ये मिसळते तो भाग, त्याच्या तोंडावर एक बारीक जाळी होती. जयवंतनं तीही काढली. "तिका श्वास घेवक दी मरे," तो म्हणाला. "आता बघ कशी धावता ती!" खरंच, इतका मोकळा श्वास मी कधीच घेतला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी पहाटे छपरीत पावलं वाजली. मला वाटलं विद्याधर आला. पण ते भाऊ होते. नुकतीच आंघोळ झालेली, अंगावर पंचा आणि हातात झेंडूचा हार. अंगणातलीच फुलं, त्यांनी स्वतःच ओवलेली. कुठे दोन फुलं चिकटलेली, कुठे मोठी फट, आणि ओवायला दोऱ्याऐवजी चिरून बारीक केलेली लाल फीत! त्यांनी हार माझ्या नाकाडावर घातला, दिव्यांना कुंकू लावलं आणि हळूच म्हणाले, "पोराची लाज राख गं." मग कोणी पाहायच्या आत निघूनही गेले. त्या क्षणी माझा सगळा राग वितळला. मी मनाशी ठरवलं, आज दहा काय, अकरा फेऱ्या मारीन.

सकाळी विद्याधरला वाटलं, हार वहिनींनी घातला. तो गडबडीत होता, त्यामुळे त्याने विचारलं नाही. जुहूला पोचल्यावर तिथल्या पंचांनी हाराकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, सुटी वस्तू पुढे लटकलेली चालणार नाही, काढा. विद्याधरनं हार काढला खरा, पण टाकणार कुठे? पूजेचा हार पायदळी कसा जाऊ द्यायचा? भोवती सगळा धुरळा आणि माणसांचे पाय. तेव्हा त्याने काय केलं असेल? माझं झाकण उचललं, हाराची नीट घडी केली आणि आत एका कोपऱ्यात जपून ठेवून दिली. वर हात जोडून नमस्कारही केला!

निशाण पडलं आणि मी सुटले. काय सांगू तुम्हांला! समुद्राचा वारा, दोन्ही बाजूंना टाळ्या पिटणारी माणसं, आणि एकेका वळणावर मागच्या चाकांची कुरकुर. पाचव्या फेरीला आम्ही तिसरे होतो. सातव्या फेरीला एका लांबलचक काळ्या मोटारीला मागे टाकून दुसरे झालो. जयवंत दोरीपलीकडून ओरडत होता, "झकास रे, झकास!"

आठव्या फेरीत माझ्या घशात गुदगुल्या झाल्या. आधी एक पाकळी, मग दोन, मग मूठभर. पंख्याच्या वाऱ्यानं हार कधीच सुटला होता आणि मी प्रत्येक श्वासाला झेंडू ओढत होते. मी खोकले. काळा धूर सोडला. जीव खाऊन ओढ घेतली, पण श्वासच मिळेना. धावपट्टीच्या मधोमध मी थांबले.

विद्याधर उतरला. बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही असा नियम होता. त्याने पेट्रोल पाहिलं, प्लग पाहिले, हातांची कातडी सोलवटेपर्यंत हँडल मारलं. त्याला श्वास सोडून सगळं सुचलं. बाकीच्या मोटारी एकेक करत बाजूनं निघून गेल्या आणि शेवटचं निशाणही पडलं. मित्रांनो, त्याने माझ्या गरम पत्र्यावर कपाळ टेकलं, ते मी अजून विसरलेली नाही.

संध्याकाळी छपरीत जयवंतनं माझा कार्ब्युरेटर उघडला. आतून पिवळ्या पाकळ्यांचा लगदा निघाला आणि त्यात गुंतलेला लाल फितीचा तुकडा. विद्याधर तो तुकडा हातात घेऊन बसूनच राहिला. हार कोणाचा होता, ते त्याला तेव्हा कळलं.

"जा, सांग तेंका," जयवंत म्हणाला. "गाडी बरी आसा म्हणून सांग. चूक कोणाचीच नाय. जाळी मिया काढलंय."

"कसं सांगू रे? भाऊंनी आज पहिल्यांदा माझ्या गाडीला प्रेमानं हात लावला, आणि त्यानंच ती थांबली म्हणून सांगू?"

इतक्यात भाऊ दारात आले. "काय बिघडलं होतं?"

विद्याधरनं मूठ मिटली. "काही नाही, भाऊ. म्हातारी झाली. दम राहिला नाही तिच्यात."

मला म्हातारी म्हटलं, त्याचं काही नाही. पण दम नाही? माझ्या लोखंडाला पाझर फुटायचा तेवढा बाकी राहिला. भाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "शब्द तो शब्द."

महिन्याभरात मढचे धोंडू वाडीवाले मला न्यायला आले. बैलगाडीच्या मागे बांधून मला नेलं. शर्यतीतली मोटार आणि बैलांच्या मागे! पण धोंडूशेठ माणूस प्रेमळ. त्यांना फक्त इंजिन हवं होतं. ते त्यांनी ओट्यावर बसवलं आणि गेली चार वर्षं मी इथे आहे.

गेल्या रविवारी वेसाव्याच्या तरीच्या होडीतून खाडीपलीकडून पाहुणे आले. विद्याधर, त्याची बायको प्रेमा आणि भाऊ. भाऊंचे केस पिकले होते. मी सकाळपासून न थांबता पाणी काढत होते. भाऊ विहिरीजवळ आले, कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही तर ठणठणीत आहे रे! हिच्यात दम नाही म्हणाला होतास ना?"

"इथली हवा मानवली असेल, भाऊ," विद्याधर म्हणाला आणि माडांकडे बघू लागला.

तेवढ्यात वारा आला आणि बदामाच्या वाळक्या पानाचा तुकडा माझ्या घशात गेला. मी खोकले, काळा धूर सोडला आणि बंद पडले. धोंडूशेठनी सवयीनं कार्ब्युरेटर उघडला, पान काढून फेकलं, एक हँडल मारलं आणि मी पुन्हा सुरू! "घाबरू नका," ते भाऊंना म्हणाले. "हिची तब्येत फक्कड आहे. पण पान म्हणा, फूल म्हणा, एवढंसं काही आत गेलं की हिचा श्वास कोंडतो."

भाऊंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधरनं मान खाली घातली.

"माझा हार?"

विद्याधरनं मान डोलावली.

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हांला वाईट वाटलं असतं, भाऊ."

"वाटलं असतं की! चार दिवस वाटलं असतं," भाऊ म्हणाले. "आणि पाचव्या दिवशी खोली मागच्या अंगणात बांधायला घेतली असती. जागा होती रे तिकडे. तू एकदा बोलायचं होतंस फक्त."

भाऊंनी माझ्या तापलेल्या अंगावर हात ठेवला. चटका बसला असणार, पण त्यांनी तो लगेच काढला नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या, त्यांना तेलपाणी करा, त्यांचा श्वास मोकळा ठेवा, हे तर मी सांगेनच. पण खरं सांगायचं ते वेगळं आहे. भाऊंनी माया केली ती लपवून, आणि विद्याधरनं केली ती खोटं बोलून. दोघंही एकमेकांना जपायला गेले आणि मधल्यामध्ये माझी चाकं गेली. त्या संध्याकाळी छपरीत मला सगळं माहीत होतं. मला बोलता आलं असतं, तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मी पडले मोटार. तुम्ही माणसं आहात. तुम्हांला बोलता येतं. मग घरात बोला ना रे!