किनारा गप्प होता तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना जहाजी रेडिओ आहे. एखादं गाणं लाव, असं मात्र मला सांगू नका. उभ्या आयुष्यात मी एकही गाणं वाजवलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका मालवाहू जहाजावर गेलो. माझा ताबा मावशींकडे होता. त्या जहाजाच्या रेडिओ अधिकारी. पण सगळ्यांना दटावायच्या म्हणून कप्तानही त्यांना मावशीच म्हणत. माझ्यावर कोणी चहाचा कप ठेवला, की त्याची खैर नसे.

एका दुपारी माझ्यातून क्षीण आवाज आला. "मेडे, मेडे! 'चांदणी' होडीत पाणी शिरलंय. आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझी लेक." होडी कुठे आहे ते सांगून आवाज विरला. मेडे म्हणजे जिवावर बेतल्याची हाक. तिला आधी किनाऱ्यावरच्या केंद्राने उत्तर द्यायचं आणि तोवर जहाजांनी थांबायचं, अशी आमची रीत. सगळेच एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही.

आम्ही थांबलो. किनारा गप्प. आसपासची जहाजंही रीत पाळून गप्प. माझा जीव टांगणीला लागला.

"ऐकलं असेल हो किनाऱ्याने," कप्तान म्हणाले.

"ऐकलं असतं तर बोलले असते, साहेब. इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत!"

"मग बोला, मावशी."

मावशींनी माइक उचलला. "मेडे रिले, मेडे रिले! होडी 'चांदणी'..." म्हणजे हाक दुसऱ्याची, आम्ही ती पुढे पोचवतोय. होडीची अँटेना बुटकी आणि मध्ये डोंगर, त्यामुळे किनाऱ्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी मात्र पोचलो. लगेच उत्तर आलं, "मिळालं. बचावनौका निघतेय."

बापलेक वाचले. जहाज बंदराला लागल्यावर ती लेक मावशींना भेटायला आली.

"बाबा हातपाय गाळून बसले होते," ती म्हणाली. "तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी आमच्या होडीचं नाव घेतलं. ते ऐकलं आणि बाबा पुन्हा पाणी उपसायला लागले."

त्या दिवशी मावशींनी कोणालाच दटावलं नाही.

आता नवे रेडिओ आलेत. मी मावशींच्या घरी कपाटावर असतो. नातवंडं माझी बटणं पिरगाळतात, माझ्यावर टोप्या ठेवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. फक्त कोणाची हाक कानावर आली, तर दुसऱ्याने ऐकली असेल म्हणून बसून राहू नका. तिकडे कोणीतरी पाणी उपसायचं थांबलेलं असतं.