तळ्यावरचं जंगी स्वागत

सयाजीला एखादी गोष्ट पटली, की ती गोष्ट वाचली असं समजू नका. पटेपर्यंत तो नुसता आडवा येतो. पटल्यावर तो ती डोक्यावर घेऊन नाचतो, आणि खरा धोका तिथून पुढं असतो.

त्याच्या वहिनीला, स्वप्नालीला, हे लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. तरी त्या रविवारी सकाळी भाकरी थापताना तालमीकडून ‘हॅलो, चेक, चेक’ ऐकू आलं आणि तिचा हात पिठातच थांबला.

“आक्का, आज कुणाची वरात हाय?” तिनं सासूला विचारलं.

“वरात कशाची? तुझ्या हंसांचं स्वागत हाय की! सयाजी दोन दिस झोपल्याला न्हाय. वहिनीला सांगायचं न्हाय म्हनला, एकदम बघू दे.” आक्का अगदी फुलून आली होती. “डॉल्बी हाय, हलगी हाय. अख्खं गाव निघालंय तुझ्यासाठी.”

स्वप्नाली तशीच उठली. पिठाच्या हातानंच तिनं स्कुटीची चावी उचलली. तव्यावरच्या भाकरीचं काय झालं, ते आक्कालाच ठाऊक.

त्यांचं गाव गडमुडशिंगीच्या पुढं, आणि गावाबाहेर म्हसोबाचं तळं. दर थंडीला तिथं पट्टकदंब हंस येतात. राखाडी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात बिचारे. दिवसभर पाण्यावर टेकतात आणि अंधार पडला की रानात चरायला जातात. गावानं त्यांना कायम बदकं म्हटलं आणि वर खडे मारले. गारगोटीहून नांदायला आलेल्या स्वप्नालीनं मात्र पहिल्याच हिवाळ्यात त्यांना पाहिलं आणि तिचा जीव त्यांच्यात अडकला तो अडकलाच. घरी शिलाई करायची ती. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती हंसांबद्दल सांगायची. टेप अंगाभोवती असल्यामुळं बाईला पळताही यायचं नाही. शाळेत गेली, दूध डेअरीवर गेली, भजनी मंडळात गेली. लोक हसायचे. सगळ्यांत जास्त हसायचा सयाजी, तिचा धाकटा दीर, तालीम मंडळाचा अध्यक्ष. मग एका सकाळी तिनं त्याला बळंच बांधावर नेऊन बसवलं. हंस उतरताना त्यानं पाहिले, आणि गडी गार झाला. “वहिनी, ह्यास्नी कोन हात लावतोय बघतोच की मी!” म्हणाला.

आणि आता हात लावणारा गावात आला होता. कोल्हापूरच्या एका ठेकेदाराला तळ्यात मोटरबोटी सोडायच्या होत्या. आज तळ्याकाठी ग्रामसभा होती, आणि वनखात्याच्या एक मॅडम दुर्बीण घेऊन यायच्या होत्या. त्यांनी स्वप्नालीला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “पक्षी मला तिथं दिसले पाहिजेत, आणि गावाला ते हवेत हेही दिसलं पाहिजे. दोन्ही असेल तर तळं राखीव करायचा प्रस्ताव मी पाठवते. नाहीतर माझ्या हातात काही नाही.”

म्हणून स्वप्नाली सयाजीला म्हणाली होती, “भावजी, गाव आना.” ‘गुमान आना’ म्हणायचं राहिलं. एवढं काय सांगायचं, असं तिला वाटलं. अगं बाई, सांगायचं होतं! आमच्याकडं पोरगं परीक्षा पास झालं, काढा मिरवणूक. पैलवानानं कुस्ती मारली, काढा मिरवणूक. नवा जेसीबी दारात आला तरी त्याला हार घालून गावातून फिरवतात. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी वाजवायचं नाही, तर मग जीव आहे हे कळायचं कसं?

स्कुटी बांधाच्या चढाला पोचली तोवर मिरवणूक वर चढली होती. पुढं हलगीवाले, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घराएवढ्या पेट्या, आणि पेट्यांवर फ्लेक्स: ‘वहिनीसाहेबांच्या पाहुण्यांचं जंगी स्वागत.’ फ्लेक्सवर हंस एक आणि मंडळाचे कार्यकर्ते एकवीस. गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. आवाज असा, की छातीचं हाड हलत होतं.

तिनं गाडी आडवी टाकली आणि तळ्याकडं पाहिलं. हंस होते. अजून होते! पाण्याच्या मध्यावर सगळे एकमेकांना चिकटून, माना ताठ करून. ती पाखरं भ्यायली होती, एका इशाऱ्यावर उठतील अशी. “देवा, थांबव रे त्यांना,” ती स्वतःशीच म्हणाली. पण देवाला तरी त्या आवाजात काय ऐकू जाणार होतं!

“भावजी! बंद करा! उडत्याल ती!” ती घसा फोडून ओरडली. सयाजीनं तिला पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि आनंदानं तिच्या कपाळाला गुलाल फासला. बायकांनी तिला फुगडीला ओढलं. तिनं हात सोडवून घेतले. गर्दीतून वाट काढत, कोपरं मारत, ती ट्रॉलीपर्यंत पोचली आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

“पोरी, शॉक बसंल!” डॉल्बीचा मालक शमशुद्दीन चाचा ओरडला. तिनं ऐकलं नाही. जनरेटरची जाड वायर दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जीव एकवटून उपसली.

डॉल्बी थांबला. हलगीवालेही थबकले. एवढं गाव एका जागी, आणि आवाज कुणाचाच नाही.

“गप बसा सगळी,” स्वप्नाली ट्रॉलीवरून म्हणाली. रडू आवरत नव्हतं तिला. “पाया पडते तुमच्या. ती बघा तिकडं. आवाजाला भित्यात ती. उडाली तर आज तळं गेलं, आनि ती बी गेली.”

गावानं पाहिलं. पाण्यावर माना ताठ होत्या; मग एक मान हळूच वळली, एक हंस सरकून पाण्यात चोच बुडवू लागला. पलीकडं वनखात्याच्या मॅडमनी दुर्बीण डोळ्याला लावली होती. ग्रामसभेच्या मंडपात ठेकेदाराचा माणूस घड्याळ बघत होता. स्वप्नालीला हायसं वाटलं. झालं, वाचलो आपण, असं तिला खरोखर वाटलं.

तिनं खाली सयाजीकडं पाहिलं. गुलालाखाली त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वहिनी,” तो कसाबसा म्हणाला, “आपल्या मंडळाचा कृष्णात पलीकडच्या टोकाला थांबलाय. फटाक्यांची माळ आनि सुतळी बॉम्ब घेऊन. डॉल्बी थांबला की सलामी द्यायची, असं ठरलंय आमचं.”

आणि तो पळत सुटला. पैलवानी अंगाचा तो गडी बांधावरून हात हलवत, “कृष्णाऽत, लावू नगंस! लावू नगंस!” करत धावत होता. लांबून कृष्णाताला काय दिसलं असेल? अध्यक्ष नाचत येतोय, घाई कर म्हणतोय. त्यानं उदबत्ती वातीला लावली.

पहिल्याच बाराला सगळं तळं उठलं. पाण्याचा पांढरा फेस झाला आणि शेकडो पंख एकदम डोक्यावर आले. ऊन पंखांतून गाळून खाली पडत होतं. असलं काही गावानं जन्मात पाहिलं नव्हतं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. आक्का मागून चालत आली होती. तिनं तर हात जोडले. दोन वर्षं स्वप्नालीला हेच हवं होतं, की गावानं एकदा मान वर करून बघावं. गाव बघत होतं, आणि तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता आपलं काळीज बंद पडावं.

उसाच्या फडावरून विजेच्या मोठ्या तारा जातात. धुराला भ्यालेला थवा तिकडंच वळला. तारेवर काहीतरी आपटलं, मग आणखी काहीतरी. टाळ्या थांबल्या.

सयाजी परत आला तेव्हा त्याच्या हातात एक हंस होता. मान लोंबत होती. धरताना त्याच्या तळहातांचा गुलाल पांढऱ्या डोक्याला लागला होता. लहान पोरासारखा ओठ काढून त्यानं हंस वहिनीपुढं धरला. तिला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. तिनं हंस घेतला आणि पदरानं गुलाल पुसू लागली, पण तो निघेना.

मॅडमनी रिकाम्या पाण्यावरून दुर्बीण खाली घेतली. “असे उठलेले परत त्याच तळ्यावर येतील का, सांगता येत नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

सरपंचबाईंचा आवाज मंडपात उगाच बारीक झाला होता. “ठराव तर घ्यायलाच पायजे. तळं पक्ष्यांसाठी राखायचं, बोटी नगोत, असं कुणाकुणाला वाटतंय?”

हात वर झाले. सयाजीचा झाला, शमशुद्दीन चाचाचा झाला, आक्काचा झाला, रडणाऱ्या कृष्णाताचा झाला. गावातल्या साऱ्या माणसांचे गुलालानं माखलेले हात त्या रिकाम्या तळ्यासमोर वर झाले. ठेकेदाराचा माणूससुद्धा खाली बघत होता.

स्वप्नालीचा हात तेवढा वर झाला नाही. तिच्या दोन्ही हातांत तो हंस होता.