पाकिटातली दुसरी गोळी

भोंगा वाजला तेव्हा ती गॅलरीत ढब्बूची झबली दोरीवरून काढत होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणीचा भोंगा व्हायचाच, त्यामुळे तिने आधी मान वर केलीच नाही. मग लक्षात आलं, आज गुरुवार आहे. आणि चाचणीचा भोंगा एका दमात संपतो. हा संपतच नव्हता. समोरच्या इमारतीतल्या बाया एकेक करून आत पळाल्या, धडाधड खिडक्या मिटल्या. अर्धी झबली दोरीवर तशीच सोडून तीही आत आली.

"भोंगा वाजवायला काय जातंय त्यांचं!" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. ढब्बू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बांगडीशी झोंबत होती. "वाजवायचा, माणसं घाबरवायची, मग उद्या म्हणायचं, मशीन बिघडलं होतं."

"आई, खिडकी लावा ती."

"लावते. ओरडतेस कशाला?"

फोनवर संदेश आला होता, तो तिने मोठ्याने वाचला. घरात थांबा, दारं-खिडक्या बंद ठेवा, पंखे बंद करा. आयोडीनच्या गोळ्या हाताशी ठेवा, पण सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्याच्याखाली नवऱ्याचा: मी आतच आहे, आम्हाला इथे गोळ्या दिल्यात, माझी काळजी करू नकोस, ढब्बूला सांभाळ. तो अणुवीज प्रकल्पावरच्या कामगारांची बस चालवायचा. तिने फोन लावून पाहिला. लागला नाही.

दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबताना तिने विचारलं, "आई, ते पाकीट द्या बरं."

"कसलं पाकीट?"

"नर्सताईंनी दिलेलं. गोळ्यांचं."

"आत्ता नका घेऊ म्हणालेत ना? मग आत्ता कशाला हवंय?"

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तसं म्हटलं तर ती चार महिन्यांपासून चुकचुकत होती. आरोग्यकेंद्रातली नर्सताई घरोघरी फिरून गोळ्या वाटत आली, त्या दिवसापासून. नर्सताईने वहीत बघून दोनच गोळ्या दिल्या होत्या. एक अंगावर पाजणाऱ्या आईची आणि एक बाळाची, त्यातलीही फक्त पाव द्यायची. नवऱ्याची कामावर मिळणार होती. सासूबाईंच्या नावावर मात्र तिने सरळ काट मारली. झालं! त्या दिवशी घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. "म्हणजे मी मेले तरी चालेल! वहीतच काट मारली बयेने, माझ्या डोळ्यांदेखत!" नर्सताई त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होती, पण ढब्बूने भोकाड पसरलं आणि ते ऐकायचं राहून गेलं. मग त्याच सासूबाईंनी, ज्यांचा त्या गोळ्यांवर कवडीचा विश्वास नव्हता, पाकीट हट्टाने मागून घेतलं आणि आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. का? तिला तेव्हाच प्रश्न पडला होता. पण चार महिन्यांच्या पोरीला घेऊन बसलेल्या बाईला रात्रीची झोप मिळत नाही, तिथे प्रश्नांची उत्तरं कोण शोधतंय.

सासूबाईंचा तसा कुणावरच विश्वास नव्हता. दुधाची पिशवी फोडली की आधी त्या वास घेणार. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या मागे उभं राहून त्या आकडे पाठ करणार. आणि सुनेचा कुणावर विश्वास नव्हता, तर तो सासूबाईंवर. कारण ती आंघोळीला गेली की त्या ढब्बूला काहीबाही चाटवायच्या, आणि विचारलं की छताकडे बघायच्या.

डबा उघडला. पाकीट निघालं. दोन कप्प्यांची चंदेरी पट्टी, दोन्ही कप्पे भरलेले. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि पट्टी डब्यावर ठेवली. मग पुन्हा उचलली.

बाळंतपणाआधी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची. नखभर कमी-जास्त झालं तरी काच चौकटीत हलते, आणि ती हलणारी काच तिला लांबूनही दिसायची. आता तिला दिसलं की उजवीकडची गोळी कप्प्यात हलतेय. डावीकडची नाही. तिने पट्टी उलटी केली. उजव्या कप्प्यामागचा चंदेरी कागद तीन बाजूंनी कापलेला होता आणि नखाने दाबून, अगदी निगुतीने, परत बसवलेला होता.

तिने कागद उचलला. तळहातावर पडली ती इवलीशी पांढरी गोळी. डावीकडची तिच्या दीडपट होती, मधोमध अधिकचं चिन्ह, चार तुकडे करता यावेत म्हणून. हिच्यावर एक साधी रेघसुद्धा नव्हती.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई छताकडे बघू लागल्या.

चाटवणं. छत. आणि एक गोळी कमी, मोठ्या माणसाची, सबंध. "आई!" तिने ढब्बूला त्यांच्या मांडीवरून जवळजवळ ओढूनच घेतलं. "तुम्ही हिला दिलीत? खरं सांगा. हिला चाटवलीत ती गोळी?"

"काय बोलतेस तू!"

"कधी दिलीत? किती दिलीत?"

"अगं, मी हिला देईन? मी?" सासूबाईंचा आवाज फाटला. "माझ्या जिवावर उठलेली माणसंसुद्धा असं बोलली नाहीत मला."

"मग गोळी गेली कुठे?"

"माझ्या पोटात गेली! ऐकायचं होतं ना? ऐक!"

ढब्बू एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर भोंगा थांबला होता, आणि त्या शांततेत सासूबाईंचं बोलणं फारच मोठ्याने ऐकू येऊ लागलं, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"कुठली कोण बाई, दारात येते, पिशवीतून गोळी काढते आणि सांगते, तान्ह्या पोराला द्या. आणि आम्ही द्यायची? आधी कुणीतरी खाऊन बघायला नको? तुझं दूध हिला जातं, म्हणून तू नाही. माझा मुलगा गाडी चालवतो, म्हणून तो नाही. राहिलं कोण? मी खाल्ली."

तिने ढब्बूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आणि बरंच झालं खाल्ली ते! महिन्याभरात असं धडधडायला लागलं, असं धडधडायला लागलं, पायरी चढवेना. हात बघ, अजून थरथरतात. तुला वाटलं, म्हातारी कामं टाळतेय. बोलली नाहीस, पण वाटलं, कळतं मला. विष आहे ते, सांगून ठेवते. माझ्या नातीच्या तोंडात मी जाऊ देणार नाही."

"आणि ही कुठली?" तिने छोटी गोळी पुढे केली.

"ती माझी. गळ्याची. सकाळी घेते ती." सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. "तू काय, चमचेसुद्धा मोजून ठेवतेस. एक कमी दिसली असती तर घर डोक्यावर घेतलं असतंस. आणि ती बाईच म्हणाली होती ना, लागायची वेळ येणारच नाही म्हणून?"

म्हणजे वेळ आली असती, आणि तिने घाईत उजवा कप्पा फोडला असता, तर ढब्बूच्या पोटात सासूबाईंच्या गळ्याचं औषध गेलं असतं. तिला रागवायचं होतं, पण रागाला जागाच होत नव्हती. कारण दुसरीच शंका आत शिरून बसली होती. सासूबाईंचे कपडे ढगळ झाले होते, हे तिने पाहिलं होतं. जिन्यात धाप लागते, हेही पाहिलं होतं. मोठं माणूस एका गोळीने असं होतं, तर आठ महिन्यांच्या जिवाचं काय?

आणि डावा कप्पा? कागद साबूत दिसत होता. दिसत होता, म्हणून होताच का?

"दुसरीला हात लावलात?"

"नाही."

"आई."

"नाही म्हटलं ना! हवं तर हिच्या डोक्यावर हात ठेवून..."

"नको, नका ठेवू."

फोन थरथरला. आता गोळ्या घ्या. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आधी.

तिने नर्सताईला फोन लावला. एकदा, दोनदा, सातदा. सासूबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, जणू गोळी दारातूनच पळणार होती. आठव्यांदा फोन लागला. पलीकडे गलका होता, कुणीतरी रडत होतं. तिने एका दमात सगळं सांगितलं. गोळी, कापलेला कागद, धडधड, गळा. आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला, मुद्दाम.

"आजींना गळ्यात थायरॉइडच्या गाठी आहेत ना?" नर्सताई म्हणाली. "मग! म्हणून तर मी काट मारली होती. गाठी असलेल्या गळ्याला एवढं आयोडीन मिळालं की तो पिसाटतो. त्यांना तपासायला आणाच, हे मिटलं की लगेच. बाळाचं वेगळं. बाळाचा गळा कोरा आहे, समोर येईल ते आयोडीन ओढून घेतो, चांगलं-वाईट बघत नाही. गोळीतलं चांगलं आधी भरलं की हवेतून येणाऱ्या वाईटाला जागा उरत नाही. कळलं?"

तिला कळलं. एकदा चौकटीत काच बसली की दुसरी तिथे बसत नाही.

"गोळी एकच आहे," ती म्हणाली.

"साबूत कप्प्यातली घ्या, चिन्ह बघा. पाव बाळाला, आत्ता. उरलेली पाऊण तुम्ही. कमी आहे, पण असू दे. दुसरी पाठवायचं बघते. बाळ दोन दिवस दूध नीट पितंय का बघा. आणि ती छोटी आधी वेगळी ठेवा. ठेवते." फोन बंद झाला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "गोळी पिशवीतून काढताना नाही सांगितलं, पिसाटतो म्हणून."

"सांगितलं होतं. आपल्याला ऐकू आलं नाही."

"तुला वाटतं तसं."

तिने गोळी काढली. चिन्ह होतं. स्वच्छ सुरीने चार तुकडे केले; एक तुकडा जरा मोठा झाला, तो बाजूला ठेवून त्यातल्या त्यात बरोबर वाटला तो घेतला. दोन चमच्यांमध्ये दाबून त्याची पूड केली, उकळून गार केलेलं पाणी घातलं. उरलेले तीन तुकडे तोंडात टाकून पाण्याबरोबर गिळले. कडवट-खारट, धातू चाटल्यासारखं. सासूबाई तिच्या घशाकडे बघत होत्या.

चमचा पुढे आला तशी ढब्बूने तोंड घट्ट मिटलं. तिने गाल दाबून पाहिले, गाणं म्हणून पाहिलं, "आऽऽ कर" म्हणून स्वतः आ वासला. पोरगी मान फिरवून आजीकडे बघायला लागली. अर्धा थेंब सांडला.

"आई, तुम्ही द्या."

"मी?"

"तुमच्यापुढे ती तोंड उघडते. काहीबाही चाटवून तुम्हीच सवय लावलीत."

"माझ्या हातून नको गं. काही झालं तर? जन्मभर..."

"माझ्या हातून जात नाहीये. उशीर होतोय."

सासूबाईंनी चमच्याकडे बघितलं. मग नातीकडे. हात थरथरत होता, म्हणून तिने त्यांचं मनगट आपल्या हातात धरलं. दोघींचा मिळून तो एक चमचा पुढे गेला. "माझी साळुंकी गं ती," सासूबाई पुटपुटल्या, आणि साळुंकीने आ केला.

तोंड वाकडं झालं, शहारली, पण गिळलं. चमच्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही दिलं, पूड राहू नये म्हणून. नंतर ती रडली, आणि अंगावर घेतल्यावर थांबली.

दुपारभर त्या बंद खोलीत तिघी एकाच पलंगावर होत्या. पंखा बंद, हवा दमट. ढब्बू दूध पिऊन झोपली. सासूबाई तिच्या छातीवर तळवा ठेवून बसल्या होत्या, हलायला तयार नाहीत. त्या छातीवर लक्ष ठेवून होत्या आणि सून त्यांच्या हातावर.

"धडधडतंय?" तिने विचारलं.

"लहान पोरांचं जास्तच असतं."

"म्हणजे ठीक आहे?"

"गप बस जरा," सासूबाई म्हणाल्या. "मोजतेय. मध्ये बोललीस की चुकतं."